बोर्डावरची चौदावी जागा

६ जानेवारी २०२५, सोमवार
नाशिक

हनीफभाई,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडताच भाभींच्या हातात दिलं असेल, तर खातूनभाभी, तुम्ही तरी उघडा. फोन मी अकरा वेळा केला. बाराव्यांदा केला तेव्हा हा नंबर आता वापरात नाही, असं ऐकायला मिळालं. तुमच्या जागी मी असते तर तिसऱ्या फोनलाच नंबर बदलला असता, त्यामुळे तक्रार नाही.

कामाचं आधी लिहिते. आयतचा अर्ज माझ्या टेबलावर आला आहे. लेखी परीक्षेत ती पहिल्या तिघांत आहे. अर्जात एक रकाना असतो, ‘घरातील कोणी या कंपनीत काम केले आहे का?’ त्यात तिनं ‘नाही’ लिहिलंय. वाचून आधी मला राग आला. एकतीस वर्षं तुम्ही त्या हँगरमध्ये काढलीत आणि पोरगी नाही म्हणते. मग लक्षात आलं की तिला हे लिहायला मीच लावलंय, आणि राग गिळला.

मुलाखतीच्या समितीवर मी आहे. बाकीचे दोघे नवे आहेत. त्यांना तुम्ही फक्त फाइलीतून माहीत आहात आणि फाइलीत एवढंच आहे:

‘१८ ऑक्टोबर २०२३ रोजी टेक्निशियन हनीफ (शिक्का क्र. २७) यांनी बोर्ड क्र. ३ वरील सर्व ६४ टूल जागेवर असल्याचा शिक्का मारला. प्रत्यक्षात जागा क्र. १४ चे फीलर गेज विमानातच राहिले होते. २३ ऑक्टोबर रोजी प्रशिक्षण उड्डाणात ते शेपटीत अडकून दिशा वळवणाऱ्या रडरचे पेडल जाम झाले. विमान सुखरूप उतरले. टूल न मोजता शिक्का मारल्याचे सिद्ध. शिक्का काढून घेण्यात यावा.’

खाली सही माझी. शुभांगी, क्वालिटी मॅनेजर.

ज्याच्याबरोबर तुमची नोकरी गेली तो शिक्का अजून माझ्या कपाटात आहे. आपल्याकडे माणूस नोकरीतून गेला तरी त्याचा शिक्का लगेच दुसऱ्याला देत नाहीत, कुलपात ठेवतात. सत्तावीस नंबरच्या डबीवर लाल चिठ्ठी आहे. कपाट उघडलं की ती आधी दिसते. मी ती मागच्या कप्प्यात ढकलली होती. हे कशाला लिहिते आहे कळत नाही, पण लिहिलंय तर राहू दे.

१९९९ साली डिप्लोमा घेऊन आले तेव्हा तुम्ही मला बोर्ड मोजायला शिकवलंत. प्रत्येक टूलची काळी आकृती रंगवलेली, त्या आकृतीवर टूल टांगलेलं. ‘ताई, बोट लावून मोजायचं,’ म्हणालात, ‘डोळा फसतो.’ मी अजूनही घरी गॅस बंद आहे की नाही ते बोट लावून बघते. मसाल्याच्या डब्यांवर मी तारखा लिहिल्यात, त्यावरून घरात माझी रोज टिंगल होते.

पुढच्या महिन्यात परदेशी ग्राहकाचं ऑडिट आहे. त्यासाठी जुन्या फायली काढताना एक चलन सापडलं. त्याबद्दल भेटून बोलायचं आहे. पत्रात नको.

तुमची,
शुभांगी


१६ जानेवारी, गुरुवार

हनीफभाई,

सलाम. तुमचं उत्तर आलं नाही. पण काल आयत मुलाखतीला आली होती. बाहेर पडताना मी हळूच विचारलं, पत्र मिळालं का. ती म्हणाली, ‘अब्बांनी वाचलं. परत घडी घातली आणि वर्कशॉपमध्ये घेऊन गेले.’ बाकी काही नाही. पोरगी तुमच्यावर गेलीय, विचारलं तेवढंच सांगते.

मुलाखतीत मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला. पाळी संपली, बोर्डावर एक जागा रिकामी आहे, तर काय कराल? सगळ्यांनी पाठ केलेलं उत्तर दिलं. काम थांबवीन, वरिष्ठांना सांगेन, टूल सापडेपर्यंत विमान सोडणार नाही. आयतनंही तेच सांगितलं. मग जरा थांबली आणि म्हणाली:

‘आणि सगळ्या जागा भरलेल्या दिसल्या तरी मी टूलवरचा नंबर वाचीन. अब्बा म्हणतात, जागा मोजू नको, नंबर मोज.’

समितीतल्या दोघांनी माना डोलावल्या. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

भेटून बोलायचं होतं, पण तुम्ही भेटणार नाही, आणि आता थांबवत नाही. चलनाबद्दल सांगते.

आपल्या बोर्डावरचं मूळ गेज तेव्हा अंबडच्या लॅबला तपासणीसाठी गेलं होतं. फट मोजायची ती पोलादी पाती बरोबर मोजतात की नाही, हे वर्षातून एकदा तपासावं लागतं. त्याच्या बदली स्टोअरमधून तुम्हाला स्पेअर मिळालं होतं. विमानात राहिलं ते हे स्पेअर. मूळ गेज लॅबमधून येऊन बोर्डावर टांगल्याची नोंद माझ्या रजिस्टरमध्ये आहे, शनिवार, २१ ऑक्टोबर. म्हणजे बुधवारी १८ तारखेला स्पेअर विमानात आणि मूळ गेज यायचं बाकी, तेव्हा चौदावी जागा रिकामीच असणार आणि तुम्ही ती न बघता शिक्का मारला. गुरुवारी आणि शुक्रवारीही मारला. चौकशीचा सगळा डोलारा माझ्या त्या एका तारखेवर उभा होता.

लॅबचं ते माल पोचवल्याचं चलन म्हणतं की मूळ गेज १८ तारखेलाच आलं. दुपारी चार वाजून दहा मिनिटं. घेणाऱ्याची सही माझी.

चलन फक्त एवढंच सांगतं की गेज माझ्या हातात आलं. पुढचं मी सांगते. लॅबचा डबा घेऊन मी हँगरमधून ऑफिसकडे निघाले होते. तुमचा बोर्ड वाटेत. त्रेसष्ट टूल जागच्या जागी आणि चौदावी आकृती उघडी. तुम्हाला माहीत आहे, अशी उघडी जागा दिसली की माझे हात शिवशिवतात. स्पेअर तुमच्या लोकांकडे कामात असणार, हे मला कळत होतं. आधी स्पेअर स्टोअरला जमा करायचं आणि मगच मूळ टूल बोर्डावर टांगायचं, हा नियम मॅन्युअलमध्ये आहे, आणि ते पान मीच लिहिलंय. तरी मी डबा उघडला, गेज टांगलं आणि निघून गेले. दहा सेकंदांचं काम. नोंद मात्र नेहमीप्रमाणे शनिवारी, आठवड्याच्या सगळ्या नोंदींबरोबर केली आणि त्या दिवसाचीच तारीख टाकली.

साडेपाचला तुम्ही बोट लावून मोजलंत. चौसष्ट भरले. विमानातल्या गेजाची जागा मी भरून ठेवली होती.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला उभं सोललं असतं. चलन बघेपर्यंत मला हे आठवलं नव्हतं.

शुभांगी


२८ जानेवारी, मंगळवार

हनीफभाई,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. त्याकडे येतेच, पण आधी इकडे काय झालं ते सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे.

२० तारखेला चलन घेऊन मी महेशसरांकडे गेले. तुम्ही गेल्यावर ते संचालक म्हणून आले, माणूस वाईट नाही. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, चहा मागवला, दार लावून घेतलं. ऑडिट तोंडावर आहे, एकशे चाळीस माणसं काम करतात, ग्राहक गेला तर आधी कंत्राटी लोक घरी जातील, हे सगळं त्यांनी सांगितलं आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मग म्हणाले, ‘मॅडम, सिस्टिमची चूक लिहा ना. माणसाचं नाव कशाला?’

मी म्हटलं, ‘सर, मागच्या वेळी आपण माणसाचंच लिहिलं होतं.’

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मीही फार शूर नव्हते. त्या दिवशी जागेवर येऊन मी त्यांना हवा होता तसाच अहवाल लिहिला. ‘नोंद व प्रत्यक्ष यांत तफावत आढळली. कार्यपद्धतीत सुधारणा प्रस्तावित.’ वाचून बघितला. त्यात कुणीच काही केलेलं नव्हतं. गेज आपलं आपण चालत आलं होतं आणि बोर्डावर चढून बसलं होतं. मी तो दोन दिवस तसाच ठेवला. सही केली नाही आणि फाडलाही नाही.

या दोन दिवसांत मी स्वतःला काय काय सांगितलं ते ऐकलंत तर हसाल. अजून दहा-बारा वर्षं नोकरी करायचीय, नाव घालवून काय मिळणार. हनीफभाईंचं सिन्नरला वर्कशॉप चांगलं चाललंय म्हणे, त्यांना आता काय फरक पडतो. हे शेवटचं मनात आलं आणि स्वतःची शिसारी आली. रस्त्यात जुनं कुणी भेटलं की तुम्ही वाट बदलता, हे मला सोमनाथनं सांगितलंय. स्टोअरला आहे तो अजून. तुमच्याबद्दल बोलताना माझ्याकडे बघत नाही.

आता ते खोटं वाक्य.

चलन बघेपर्यंत मला आठवलं नव्हतं, असं मी लिहिलं. मला चौकशीतच आठवलं होतं. २५ ऑक्टोबरला, सकाळी साडेअकराच्या सुमारास. टेबलापलीकडे तुम्ही, अलीकडे मी आणि तेव्हाचे दोन साहेब. तुम्ही हँगरमध्ये मला कायम मॅडम म्हणायचात, ताई फक्त कँटीनमध्ये. मी क्वालिटीत गेल्यावर ही वाटणी तुम्हीच करून टाकली होती आणि चौदा वर्षांत कधी चुकला नाहीत. त्या दिवशी चौकशीच्या खोलीत, साहेबांसमोर, तुम्ही म्हणालात:

‘ताई, जागा भरलेली होती.’

एवढंच बोललात, आणि माझ्याकडे बघत राहिलात.

खिळ्याला अडकवताना त्या गेजाचा एक बारीक आवाज होतो. तो मला त्या क्षणी ऐकू आला. हातातला डबा, वाटेतला बोर्ड, सगळं आठवलं. मी समोरचं रजिस्टर उघडलं. त्यात माझ्याच अक्षरात २१ तारीख होती. मनात म्हटलं, नोंद २१ची आहे म्हणजे २१लाच टांगलं असणार, मलाच दुसरा कुठला तरी दिवस आठवतोय. असं म्हणायला मला किती वेळ लागला असेल? तुम्ही श्वास घेईपर्यंत झालं. मग मी लिहून घेतलं, ‘टेक्निशियन यांनी जागा भरलेली असल्याचा दावा केला. नोंदीशी विसंगत.’ तुम्ही ताई म्हणाला होतात, ते लिहिलं नाही.

विमानात एकवीस वर्षांची शिकाऊ मुलगी होती, हनीफभाई. पेडल अडकल्यावर शिक्षकानं ताबा घेतला म्हणून ती आज आहे. तिचं नाव मी कधी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर मग मला झोप लागली नसती.

२२ तारखेला मी तो अहवाल फाडला आणि नवा लिहिला. गेज कुणी टांगलं, नियम कुणी मोडला, तारीख कुणी चुकवली, आणि चौकशीत आठवूनही कोण मूग गिळून गप्प बसलं, हे सगळं नावानिशी. चारही ठिकाणी एकच नाव. एक प्रत महेशसरांना आणि एक विमानसुरक्षा बघणाऱ्या दिल्लीच्या कार्यालयाला. महेशसरांनी वाचून डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, ‘पाठवलंय ना, मग आता बसा.’ संध्याकाळपर्यंत माझे अधिकार काढून घेतले होते. माझा शिक्का पाच नंबरचा. सोमनाथनं तो डबीत घातला, लाल चिठ्ठी लावली आणि मुद्दाम म्हणा की सहज म्हणा, सत्तावीसच्या शेजारी ठेवला. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

मुलाखतीच्या समितीतूनही मी बाहेर आहे. आयतची निवड बाकीच्या दोघांनी केली, माझा त्यात हात नाही. हे तिला कळायला हवं.

तुमचं प्रकरण पुन्हा उघडलंय. नव्या चौकशीत तुमचं म्हणणं लेखी लागेल. ते घ्यायला दुसरं कुणीतरी येईल असं ठरलं होतं. मी फक्त लिहून आणायचं आणि तपासायचं त्यांनी, या अटीवर मी ते मागून घेतलं. तुम्ही दारातून परत पाठवलंत तरी चालेल. येत्या ८ तारखेला, शनिवारी सकाळी येते.

शुभांगी


९ फेब्रुवारी, रविवार

हनीफभाई,

सलाम. काल आपण भेटलो, मग आज पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तुमचं म्हणणं मी साफ करून लिहिलंय, ते सोबत जोडायचं आहे. आणि काल तुमच्यासमोर मला जे बोलता आलं नाही ते इथं लिहून टाकते.

जीपवाल्यानं मला एमआयडीसीच्या फाट्यावर सोडलं. वर्कशॉप शोधावं लागलं नाही. पंपांच्या मोटारी बाहेर रांगेत, आणि आतल्या भिंतीवर पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, प्रत्येकाची काळी आकृती.  गिऱ्हाइकाच्या विहिरीवरच्या पंपासाठी कोण एवढं करतं? तुम्ही एका मोटारीचं झाकण लावत होतात. मान वर केली नाहीत. स्टुलाकडे बोट केलंत. मी बसले. तुम्ही सगळे स्क्रू आवळलेत, पाना पुसलात, जागेवर टांगलात, मग हात धुतलेत. तोवर मी माफीची वाक्यं मनात जुळवत होते. रात्रंदिवस जुळवलेली होती, तरी तिथं एक धड आठवेना.

आणि तुम्ही मला माफी मागूच दिली नाही. म्हणालात, ‘मला माहीत होतं. मी शिडीवर होतो. तुम्ही गेज टांगताना मी बघितलं.’

 भाभी चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून लगेच आत गेल्या, एवढं आठवतं.

सव्वा वर्ष मी धरून चालले होते की ही गोष्ट जगात फक्त मला माहीत आहे. त्या खोलीत तुम्ही ताई म्हणालात ते कळवळून म्हणालात, असं वाटत होतं. तुम्ही मला संधी देत होतात. मी म्हटलं, मग तिथंच का नाही सांगितलंत? शिक्का वाचला असता, नोकरी वाचली असती. तुम्ही म्हणालात, ‘मी बोललो असतो तर हनीफनं स्वतःला वाचवायला ताईवर ढकललं, असं झालं असतं. तुमच्या तोंडून यायला पाहिजे होतं. मी वाट बघितली. लई वाट बघितली.’

मग तुम्ही जे म्हणालात ते मी कालपासून विसरायचा प्रयत्न करते आहे. ‘माझी पण चूक आहे. मूळ गेज जागेवर आलं, मग स्पेअर कुठंय, हे मी विचारायला पाहिजे होतं. टूलवरचा नंबर वाचला असता तर लगेच प्रश्न पडला असता. नाही वाचला. तुम्ही टांगलं होतं म्हणून नाही वाचला. दुसऱ्या कुणी टांगलं असतं तर वाचला असता.’

चोवीस वर्षं तुम्ही माझ्यावर डोळे झाकून विश्वास टाकलात, याचा मला केवढा अभिमान होता. सेमिनारमध्ये मी सांगत फिरायचे की हँगरमध्ये माणसाला माणसाचा भरवसा लागतो. तोच भरवसा विमानाच्या शेपटीत जाऊन अडकला. हे मला आधी कळलं असतं तर मी काही शहाणी झाले नसते, पण तुमचं हे सव्वा वर्ष तरी असं गेलं नसतं.

निघताना मी विचारलं, माफ कराल का. तुम्ही म्हणालात, ‘चुकीची माफी कधीच दिली, ताई. वाट बघायला लावलीत त्याची नाही देणार. ती मागू पण नका.’ मागत नाही. तुम्ही ताई म्हणालात, तेवढं मी पदरात बांधून आणलं. वर्कशॉपमध्ये म्हणालात, कँटीनमध्ये नाही.

तुमच्या म्हणण्यात तुम्ही दोन ओळी घालायला लावल्या आहेत. पहिली, ‘गेज क्वालिटी मॅनेजर यांनी टांगले, हे मी पाहिले होते.’ दुसरी, ‘स्पेअरबद्दल विचारले नाही व टूलवरचा नंबर वाचला नाही, ही माझी चूक.’ दुसरी ओळ गाळायला मी काल तुम्हाला तीनदा विनवलं. ती असेल तर शिक्का परत मिळायला वेळ लागेल, कदाचित मिळणारही नाही, हेही सांगितलं. तुम्ही ऐकलं नाहीत. ‘आयत तिथं कामाला लागणार आहे, तिला पूर्ण वाचू द्या,’ म्हणालात. मी घरी येऊनही गाळून बघितली. मग पुन्हा लिहिली. तुमच्या शब्दांत, होती तिथंच.

कागद नीट वाचा. काही बदलायचं असेल तर बदला, कुठलंही. खाली सहीची आणि तारखेची जागा आहे. काल घाईत ती राहून गेली. आज सोमनाथ फोनवर म्हणाला, मॅडम, तारीख तरी टाकून द्या, भेट काल झाली हे सगळ्यांना माहीत आहे, त्यांना परत त्रास कशाला. पेन हातात होतं.

जागा रिकामी ठेवली आहे, हनीफभाई. ती मी भरणार नाही.

शुभांगी